आधी कुणाचं टेकलं?

मी एक जुनं स्ट्रेचर आहे. दोन लोखंडी नळ्या, मधे जाड हिरवं कापड आणि धरायला चार मुठी, बस्स. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जातीचाच भित्रा आहे. हसू नका. तुम्हाला कुणी रोज चालत्या गाडीतून फेकलं असतं, तर तुमचीही बोबडी वळली असती.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. वेल्डरने नळ्या कापल्या, वाकवल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि कापड त्याच्या आईने शिवलं. म्हातारीने दुहेरी शिवण घातली. मुलगा म्हणाला, एकेरी पुरे की. त्यावर ती सुई न थांबवता म्हणाली, "कुणाची पाठ येईल यावर, सांगता येतं का?" शिवून झाल्यावर ती स्वतःच माझ्यावर आडवी झाली आणि मुलाला म्हणाली, उचल बघू. मुलाने आणि एका गिऱ्हाइकाने तिला उचललं, तेव्हा ती इतकी हसली की तिच्याबरोबर मीही हललो. मला वाटलं, आपलं काम म्हणजे हसऱ्या म्हाताऱ्यांना झोके द्यायचे. किती भोळा होतो मी.

मला विकत घेतलं एका खासगी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने. त्याला सगळे गिअर म्हणायचे, कारण जेवतानासुद्धा त्याचा डावा हात गिअर टाकल्यासारखा हलायचा. त्याच्या हाताखाली पैलवान होता. अंगावर मूठभर मांस नाही, वय पन्नाशीच्या पुढे, म्हणून पैलवान. तिसरा गिअरचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला छोट्या म्हणत, म्हणून तो रस्त्यावरही छोट्याच. आणि चौथी गिअरची बायको. पैलवान तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. ती घरी बसून रुग्णांचे फोन घ्यायची आणि दर रविवारी मला अंगणात उभं करून साबणाच्या पाण्याने धुवायची. तिच्या उजव्या तळहातावर इस्त्रीचा जुना चटका होता. तेवढा भाग खरखरीत लागायचा. मला धुताना ती माझ्याशी बोलायची, "आज कोण होतं रे? फार रक्त गेलं का?" मला उत्तर देता यायचं नाही, पण विचारणारं कुणीतरी होतं.

आता माझ्या भीतीचं खरं कारण ऐका. माझ्यावर माणूस झोपला की त्याच्या काळजाचे ठोके कापडातून मला लागतात. एकदा एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला आम्ही नेत होतो. सिग्नलला गाडी थांबली आणि त्याचे ठोकेही थांबले. पैलवान त्याच्या कपाळावर हात ठेवून सांगत होता, आलंच हं हॉस्पिटल, हे काय आलंच. मला ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून माझ्यावर कुणीही आडवं झालं की मी ठोके मोजत राहतो आणि जीव मुठीत धरून बसतो.

तरी ते दिवस बरे होते. मग गाडी नव्याने रंगवायची ठरली आणि घात झाला. गाडीवर दोघांची नावं लिहायची होती. कुणाचं वर आणि कुणाचं खाली, यावरून दाजी-मेहुण्यांचं जे वाजलं ते काही विचारू नका. रंगारी बिचारा तीन तास ब्रश घेऊन उभा होता. शेवटी त्याने नुसतं "रुग्णवाहिका" लिहिलं आणि तो निघून गेला. पुढच्याच महिन्यात छोट्याने स्वतःची गाडी आणली. तिच्यात चकचकीत चारचाकी स्ट्रेचर होतं, घडी होणारं. मला बघून ते कुचकट कुरकुरायचं.

वहिनीची पंचाईत झाली. एकीकडे नवरा, एकीकडे पाठचा भाऊ. तिने दोन फोन घेतले. कुणी रुग्णाची बातमी दिली की ती एक फोन एका कानाला लावायची, दुसरा दुसऱ्या कानाला आणि दोघांना एकदमच पत्ता सांगायची. पक्षपात नको म्हणून. परिणाम असा, की दोन्ही गाड्या एकाच मिनिटाला सुटायच्या आणि एकाच मिनिटाला पोचायच्या, आणि पेशंटच्या डोक्याशी दोघांची गचांडी धरून जुंपायची. एकदा तर हात मोडलेला पेशंटच उठून सोडवासोडव करायला लागला.

तेव्हा वहिनीने दोघांना समोर बसवून नियम घातला. "ज्याचं स्ट्रेचर आधी जमिनीला टेकेल, त्याचा पेशंट. दुसऱ्याने मुकाट्याने गाडी वळवायची. वाद झाला तर मला फोन करायचा. मी सांगेन ते शेवटचं."

बिचारीने भांडण मिटवायला नियम केला आणि माझ्या कपाळी फेकाफेक आली. गाडी थांबायच्या आत पैलवान मागचं दार उघडायचा, मला रस्त्यावर भिरकवायचा आणि ओरडायचा, टेकलं. मी फरफटत जायचो. एकदा पाय मुरगळलेल्या बाईच्या दुसऱ्या पायावर जाऊन आदळलो. एकदा तर एक जाडजूड गृहस्थ दुकानाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते, त्यांच्याशेजारी मी पडलो. पैलवान ओरडला, टेकलं. झालं, त्यांना आडवं करून पट्टा बांधला. मला काही झालेलं नाही हो, असं ते सगळ्या रस्ताभर सांगत होते. हॉस्पिटलात पोचेपर्यंत घाबरून त्यांचा रक्तदाब इतका चढला, की त्यांना दोन दिवस ठेवूनच घ्यावं लागलं. पैलवान म्हणाला, बघा, वेळेवर आणलं म्हणून वाचले.

तुम्ही हसताय. मलाही एखादे वेळी हसू यायचं. पण या आदळआपटीत माझी डोक्याकडची शिवण उसवायला लागली. म्हातारीची दुहेरी शिवण, तीही किती सोसणार? आधी बोटभर, मग चार बोटं. रविवारी धुताना वहिनीच्या लक्षात आलं. तिने नवऱ्याला सांगितलं, शिवून आणा. तो म्हणाला, आणतो. पुढच्या रविवारी पुन्हा सांगितलं. आणतो म्हटलं ना. असे दोन महिने गेले. आता प्रत्येक माणूस माझ्यावर आला की मला दोन तऱ्हेची भीती असायची. एक त्याच्या ठोक्यांची आणि एक माझ्या टाक्यांची.

मग ती दुपार आली. त्या दिवशी पहिल्यांदाच बातमी वहिनीकडून आली नाही. एका जुन्या इमारतीच्या खाली औषधाचं दुकान होतं. त्या दुकानदाराने दोघांनाही गुपचूप शब्द दिला होता, की काही झालं तर आधी तुलाच कळवेन. त्याने दोघांनाही कळवलं, की दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात एक बाई पडली आहे. गिअर खूश झाला. आज एकट्यालाच कळलंय, असं म्हणत त्याने गाडी हाणली. तिकडे छोट्यालाही तसंच वाटलं असणार, कारण दोघेही एकाच वेळी दारात भेटले आणि दोघांचेही चेहरे पडले.

जिना अरुंद होता. मला खांद्यावर घेऊन पैलवान पळाला, पुढे गिअर. मागून छोट्या आणि त्याचा मदतनीस चारचाकी खडखडवत वर आणत होते. मधल्या एका पायरीवर बाईची चप्पल पडली होती. गिअर तिच्यावरून उडी मारून गेला.

दुसऱ्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर ती बाई पडली होती. तोंड भिंतीकडे होतं. लोक जमून बघत होते, ते बरं दिसेना म्हणून शिंप्याने तिच्यावर कापडाचा तागा उलगडून घातला होता, अगदी कानापर्यंत. मी तिच्या अंगाशी आदळलो. त्याच क्षणाला चारचाकीची चाकंही टेकली. दोन्हीकडून एकदमच ओरडले, "टेकलं."

आणि कापडाखालून एक हात घसरला आणि माझ्यावर पडला. उजवा हात. तळहाताचा एक भाग खरखरीत.

मित्रांनो, माझ्या नळ्या गार पडल्या. तो हात मी ओळखला. ठोके लागत होते, पण अडखळत, मधेच एखादा गाळत. मला ओरडायचं होतं. अरे, बघा तरी कोण आहे. पण माझ्याजवळ तोंड कुठलं? मी नुसता तिथे पडून होतो आणि माझ्या डोक्यावर त्यांचं चाललं होतं. गिअर म्हणे, आमच्या मुठी आधी लागल्या. छोट्या म्हणे, मुठी धरत नाहीत, चारही बाजू टेकायला हव्यात, आमची चारही चाकं टेकली. गिअर म्हणे, चाक म्हणजे स्ट्रेचर नव्हे. शिंपी म्हणाला, अहो, उचला तरी. दोघेही त्याच्यावर खेकसले, तुम्ही मधे पडू नका. पैलवान म्हणाला, मरायला टेकलेलं माणूस आहे हो, आवरा. कुणी ऐकलं नाही. मी ठोके मोजत होतो. मधली जागा वाढत होती.

शेवटी गिअर म्हणाला, ठीक आहे, नियम काय सांगतो? तिलाच विचारू. छोट्या म्हणाला, विचारा, मीही विचारतो. दोघांनी खिशातून आपापले फोन काढले आणि ताठ मानेने कानाला लावले.

कापडाखाली दोन फोन एकदम वाजायला लागले.

एकाचा आवाज घंटीचा होता, एकाचा चिमणीचा. छोट्याला आपल्याच तावात ते कळलंच नाही. तो फोनमध्ये म्हणत होता, "ताई, उचल ना."

पैलवान खाली वाकला आणि त्याने तोंडावरचं कापड बाजूला केलं. "वहिनी," एवढंच म्हणाला.

चारचाकी त्या वळणावर वळेना. छोट्याने ती लाथेने बाजूला केली. वहिनीला माझ्यावर ठेवलं. डोक्याकडच्या मुठी नवऱ्याने धरल्या, पायाकडच्या भावाने. गाड्या वेगळ्या झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांनी मला मिळून उचललं. पाचव्या पायरीवर माझी शिवण टरकली. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. तिचं डोकं माझ्यातून निसटून जिन्यावर आपटणार, आणि तेही माझ्याच हातून. मी उरलेला प्रत्येक टाका आवळून धरला. पैलवान उलटा, वाकून, माझ्याखाली शिरला आणि त्याने आपले दोन्ही तळवे आणि टक्कल त्या फाटलेल्या जागेखाली लावलं. असा तो दोन मजले मागे मागे उतरला. छोट्याची गाडी जवळ होती, तिच्यात ठेवलं. गिअर मागे बसला. त्याची स्वतःची गाडी दार सताड उघडं ठेवून रस्त्यात तशीच उभी राहिली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, मेंदूतला रक्तपुरवठा अडलाय, पडून किती वेळ झाला?

"आम्ही पोचल्यावर सात मिनिटं," पैलवान म्हणाला. "आम्ही भांडत होतो."

वहिनी वाचली. पण उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. जी बाई दोन कानांनी दोन माणसांशी बोलायची, ती खिडकीशी गप्प बसून राहायला लागली. नवरा आणि भाऊ तिला लहान मुलासारखे शब्द शिकवायचे. म्हण, पाणी. म्हण, घर. शिकवून शिकवून दोघांनी हात टेकले. आणि एका सकाळी गिअरने तिच्यासमोर दुधाचा पेला ठेवला, तेव्हा ती पेल्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "टेकलं."

गिअर दारात जाऊन रडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा आजारात कधी कधी एकच शब्द उरतो, तो कुठला हे माणसाच्या हातात नसतं. तेव्हापासून तिला भूक लागली तरी ती टेकलं म्हणते, झोप आली तरी टेकलं. भाऊ आला की हसून म्हणते, टेकलं. ती रागावलीय, की थट्टा करतेय, की नुसतं ये बस म्हणतेय, ते दोघांना कळत नाही. दिवसातून पन्नास वेळा तो शब्द ऐकतात आणि दोघेही दचकतात.

तिच्या त्या दिवसाच्या पिशवीत दोन फोनांबरोबर जाड दोऱ्याचं रीळ आणि एक मोठी सुई निघाली. शिंप्याने सांगितलं, माझ्याकडूनच घेतली बाईंनी. घरचं स्ट्रेचर आहे म्हणाल्या, मालकांना सवड नाही, मीच शिवते. हे ऐकल्यावर मी कोपऱ्यात उभा होतो तिथे मला तोंड लपवावंसं वाटलं. ती माझ्यापायी त्या जिन्यात गेली होती.

एक दिवस तिने डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. मला तिच्या मांडीवर आडवं ठेवलं. गिअरने सुईत दोरा ओवला, छोट्याने कापड ताणून धरलं आणि तिने डाव्या हाताने शिवायला घेतलं. चार दिवस लागले. टाके वाकडेतिकडे आले, पण दुहेरी आले. शेवटची गाठ मारून तिने माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "टेकलं." मला वाटतं, मला तरी कळलं. पण मी भित्रा आहे, छातीठोकपणे नाही सांगणार.

आता फोन पैलवान घेतो आणि ज्याची गाडी जवळ असेल, त्यालाच पाठवतो. गिअर पेशंटजवळ पोचला की मला हातात धरून थांबतो. आधी वाकतो, चेहरा बघतो, नाव विचारतो. मग मला खाली ठेवतो. ठेवतो, फेकत नाही. पण वाकण्याआधी दर वेळी तो माझ्या मुठी घट्ट आवळतो आणि मी माझे टाके.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालेन असं वाटत नाही. म्हणून एवढं मागतो. घरातल्या कुठल्याही वस्तूचा टाका उसवलेला दिसला तर त्याच दिवशी घाला, उद्या घालतो म्हणू नका. आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर आधी कोण आलं आणि काम कुणाचं, ते मागून बघा. पहिल्यांदा त्याच्या तोंडावरचं कापड बाजूला करा. कोण असेल खाली, सांगता येतं का?