मिरवणुकीतली पहिली गाडी

रस्ते, पाणी, दिवे, सफाई अशा सगळ्या खात्यांनी मिळून वर्षातून एकदा लोकांना आपली यंत्रं दाखवायची, असा त्या नगरपालिकेचा उत्सव होता. पोरांनी रोलरवर चढायचं, म्हाताऱ्यांनी शिडीगाडीकडे माना वर करून बघायचं आणि शेवटी मिरवणूक. कचरागाडी मात्र नेहमी सगळ्यात मागे. का, तर म्हणे वास येतो. जसा काही तो कचरा गाडीच आपल्या घरून घेऊन येते.

यंदा कप्तान अडून बसली. कप्तान म्हणजे कचरागाडीची ड्रायव्हर. डेपोत तिला याच नावाने हाक मारायचे आणि तिला ते शोभायचं. बैठकीत ती सरळ म्हणाली, "रोलर महिनाभर आजारी पडला तर कोणी विचारत नाही. मी दोन दिवस आले नाही तर लोक माझ्या वाटेकडे डोळे लावून बसतात. माझी गाडी पुढे राहील."

"राहू दे की," रोलरवाला म्हणाला. "मला तसंही कोणाच्या पुढे जाता येत नाही."

बैठक घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली, पण अट घातली. कुठेही थांबायचं नाही. थांबलीस तर पुढच्या वर्षी पुन्हा शेपटाला.

कप्तानच्या हट्टामागे आणखी एक कारण होतं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मिरवणूक तिच्या स्वतःच्या गल्लीतून जाणार होती. तिचं रोजचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे ती काय करते याचा गल्लीत कोणाला पत्ता नव्हता. सासूबाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं, सून नगरपालिकेत ऑफिसात असते. सासूबाई वाईट नव्हत्या. सुनेच्या डब्यात दोन घास जास्तच भरायच्या. पण 'ड्रायव्हर' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघत नसे, आणि कप्तानला ते फार लागायचं. भांडून मिळण्यासारखं असतं तर तिने केव्हाच मिळवलं असतं.

सकाळी निघताना ती म्हणाली, "आई, आज गाडी आपल्या दारावरून नेणार आहे. सगळ्यात पुढे."

"मग खिडकी लावून घेते," सासूबाई भांडी पुसत म्हणाल्या. "धूळ फार येते."

गाडी धुऊन लख्ख केली होती, दोन्ही बाजूंना फुगे बांधले होते. मागे बँड, त्यामागे पाण्याचा टँकर, शिडीगाडी आणि सगळ्यांच्या मागे डुलत डुलत रोलर. कप्तान ताठ बसून चालवत होती. आपल्या गल्लीच्या तोंडाशी वळली आणि तिचा हात आपोआप घंटेच्या बटणावर गेला. गल्लीत शिरलं की घंटा द्यायची, ही इतक्या वर्षांची सवय. आज मिरवणूक आहे हे हाताला कोण सांगणार?

मग गल्लीनेही आपली सवय दाखवली. धडाधड दारं उघडली आणि माणसं कचऱ्याच्या बादल्या घेऊन खाली धावली. मागच्या पायरीवर नवे कपडे घालून उभे असलेले दोघे लोडरही टुणकन उतरले आणि बादल्या रिकाम्या करू लागले. गाडी थांबली. बँड गाडीला येऊन भिडला आणि मिरवणूक पार चौकापर्यंत तुंबली.

साहेब घामाघूम होऊन पळत आले. "अगं, तिकडे मैदानावर पाहुणे मिरवणुकीची वाट बघत उन्हात बसलेत. पुढे घे आधी."

कप्तानने बादल्यांच्या रांगेकडे बघितलं. मग वर, आपल्या घराच्या खिडकीकडे. ती खरोखरच बंद होती. "साहेब, घंटा मी दिली. लोकांना बोलावून पळून जाणारी मी नाही. पुढच्या वर्षी शेपटाला घाला, चालेल."

साहेब काहीतरी बोलणार, तेवढ्यात बँडवाले बाजूला सरकले. त्यांच्यामधून वाट काढत सासूबाई येत होत्या, हातात काठोकाठ भरलेली बादली. त्या लोडरकडे गेल्या नाहीत. सरळ केबिनच्या दाराशी आल्या आणि घरात बोलतात त्याच सुरात म्हणाल्या, "किती वेळ खोळंबवून ठेवशील गं सगळ्यांना? घे, आपलीच राहिली होती."

कप्तानने खाली वाकून बादली घेतली.

"अहो, ही तुमची सून ना? इथे कशी?" शेजारणीने विचारलं.

"सूनच माझी. ऑफिसात असते म्हणून सांगितलं नव्हतं का?" सासूबाईंनी उंच केबिनकडे बोट दाखवलं. "हे तिचं ऑफिस. ड्रायव्हर आहे ती."

शेजारणीने एकदा केबिनकडे, एकदा सासूबाईंकडे बघितलं. तिला बँडच्या आवाजात ऐकू आलं नसावं असं समजून सासूबाईंनी ते आणखी मोठ्याने सांगितलं.