स्टिअरिंगची रेघ

माझा भाऊ वेदांग हैदराबादला नोकरी करतो, आणि सुट्टी मिळाली की आपली गाडी घेऊन चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर जातो. दिवसभर गोल गोल पळवतो, टायर झिजवतो आणि परत येतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. पैसे भरायचे आणि गाडी हाणायची. याला ट्रॅक डे म्हणतात. मी याला माज म्हणते, पण माझा धंदाच त्या माजावर उभा आहे, म्हणून जरा हळू म्हणते.

मी जबलपूरला, गढा भागात, आई-बाबांबरोबर राहते आणि व्हिडिओ एडिट करते. आधी लग्नांचे करायची. भेडाघाटच्या खडकांपुढे एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी असलेली जोडपी कापून-जोडून माझं डोकं उठलं होतं, तेव्हा वेदांगने त्याच्या गाडीतला व्हिडिओ पाठवला आणि सोबत एक फाइल. गाडीत एक यंत्र बसवलेलं असतं. वेग किती, ब्रेक किती दाबला, स्टिअरिंग किती फिरवलं, सगळं ते टिपून ठेवतं. ते आकडे मी व्हिडिओवर चढवायचे. कोपऱ्यात वेगाचा काटा, बाजूला ब्रेकची लाल पट्टी आणि खाली स्टिअरिंगची रेघ. हात डावीकडे फिरले की रेघ वर जाते, उजवीकडे फिरले की खाली. चित्र आणि आकड्यांचा मेळ जरा चुकला तरी फजिती होते, वळण आधी येऊन जातं आणि रेघ मागून वळते. मला हे काम जमलं. वेदांगच्या दोस्तांनी पाहिलं आणि तेही आपापले व्हिडिओ पाठवायला लागले.

स्टिअरिंग आमच्या घरात नवीन नाही. बाबा, म्हणजे भय्यासाहेब, इथल्या कारखान्यात फौजी ट्रक तयार झाले की चालवून बघायचे. नोकरीच ती होती. आता त्यांचे हात त्यांचं ऐकत नाहीत. खांदे उडतात, मान झटका देते, बसल्या जागी अंग वळवळत राहतं. घास भरवावा लागतो, आणि तोही घशात अडकतो. बोलणं तुटलंय, पण समजतं सगळं. नागपूरच्या डॉक्टरांनी या आजाराचं नाव हंटिंग्टन सांगितलं, तेव्हा कळलं की आमच्या आजोबांनाही तेच होतं. लोक त्यांना दारुडा म्हणायचे. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. हा आजार रक्तातून पुढे जातो. प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. तपासणी आहे, औषध नाही. बाहेर पार्किंगमध्ये उभे राहून वेदांगने आणि मी ठरवलं की तपासणी करायची नाही. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" असं मीच म्हणाले होते. आईला शक्यतेचं काही सांगितलं नाही. मी तसंही लग्न केलं नव्हतं. वेदांगने पुढे मेघनाशी केलं. तिला बाबांचा आजार माहीत आहे, पण तो रक्तातून येतो हे माहीत नाही. या पावसाळ्यात तिने मला फोनवर लाजत लाजत सांगितलं, "दीदी, आम्ही आता बाळाचा विचार करून राहिलो." मी म्हणाले, "वा!" दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वेदांगचा नवा व्हिडिओ आला. या वेळी त्याला दोन फेऱ्या एकाखाली एक हव्या होत्या, गेल्या वर्षीची आणि आताची. मी दोन्हींचे आकडे चढवले आणि सरळ रस्त्याच्या तुकड्यावर थांबले. तिथे गाडी सगळ्यात जोरात असते आणि हातांना काही काम नसतं. गेल्या वर्षीची रेघ तिथे जवळपास सरळ होती. आताची मध्येच झटकन वर जायची, परत यायची, मग खाली.

मी आधी यंत्राला शिव्या दिल्या. वायर ढिली असेल. मग आठवलं की त्या दिवशी त्याच गाडीत त्याचा दोस्त योगेशही दोन-तीन फेऱ्या मारून आला होता आणि त्याची फाइलही माझ्याकडे होती. मी ती उघडली. रस्त्याच्या खाचखळग्यांची बारीक किरकिर सोडली तर योगेशची रेघ सरळ होती. गाडी तीच, यंत्र तेच, वायर तीच.

मग मी आकडे बाजूला ठेवले आणि वेदांगचे हात पाहिले. काळे हातमोजे, स्टिअरिंगवर पकड. सरळ रस्त्यावर उजव्या हाताची दोन बोटं आपोआप उचलली जायची आणि पुन्हा बसायची, पेटी वाजवणाऱ्याची उचलली जावीत तशी. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. तेव्हा आम्ही हसायचो. मी खुर्चीवरून उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून रडले, कारण बाहेर आई भाजी निवडत बसली होती.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग नावाची एक सोय आहे. आकड्यांमधली फालतू थरथर काढून रेघ गुळगुळीत करायला ती असते. एरवी मी ती जेमतेम वापरते. त्या दिवशी मी ती वाढवत नेली, वाढवत नेली, आणि वेदांगची रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ झाली. मला एवढंच हवं होतं की त्याला कळू नये. एक बाळ होऊ द्यावं, दोन-चार वर्षं हसत जगू द्यावं. त्या बाळाचं पुढे काय, हा विचार मी केला नाही असं नाही. केला आणि ढकलून दिला. व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मस्त."

दिवाळीच्या आधी तो एकटाच जबलपूरला आला. येताना खोव्याची जिलबी घेऊन आला. बाबांना धड गिळता येत नाही हे माहीत असून आणतो. आईने ती दुधात कुस्करली आणि चमच्याने त्यांना भरवत बसली. वेदांग माझ्या खोलीत आला आणि दार लोटलं.

"दीदी, तो माझा व्हिडिओ लाव ना."

"पाहिला ना तू? परत काहून पाहायचा?"

"लाव तर."

मी लावला. तो माझ्या मागे उभा राहून बघत होता. सरळ रस्ता आला तसा म्हणाला, "स्मूदिंग किती ठेवलं?"

"नेहमीचंच."

"झूठ नको बोलू यार. योगेशच्या रेघेत रस्त्याचे धक्केसुद्धा दिसून राहिले. माझ्यात एक नाही. एवढी सरळ तर माझी कधीच नव्हती."

एवढी वर्षं हे काम करते, आणि रेघ किती सरळ करायची एवढं साधं मला कळू नये! त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला, माउस घेतला आणि स्मूदिंग शून्यावर आणलं. व्हिडिओ पुन्हा लावला. रेघ नाचत होती. त्याने ती शेवटपर्यंत पाहिली, स्टूल ओढलं आणि बसला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "घरी मी हात पाहत बसतो ना, तर ते चुपचाप राहतात. पाहून राहिलो हे त्यांना समजतं. पण गाडी दोनशेच्या जवळ गेली की हाताकडे कोणाचं लक्ष राहते? म्हणून जातो मी ट्रॅकवर. तुला काय वाटलं, शौक आहे?"

मला शौकच वाटला होता. मी त्याला दर वेळी टोमणे मारले होते, टायरच्या किमतीवरून, पेट्रोलवरून. आणि हा पोरगा प्रत्येक वेळी आपला निकाल माझ्याकडे पाठवून देत होता, आणि मी त्यावर वेगाचे काटे लावून परत धाडत होते.

"आपण डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले. "दुसरं काही असेल."

"जाऊ. दुसरं काही नाही आहे, दीदी."

"आणि मेघना?"

"तिला घेऊनच जाईन. बाळ नको, एवढं तर सांगावंच लागेल ना. कसं सांगू ते समजून नाही राहिलं." त्याचा आवाज फुटला. मी त्याचं डोकं जवळ घेतलं.

तेवढ्यात दार ढकलून आई बाबांची चाकाची खुर्ची आत घेऊन आली. दुधाची वाटी तिच्या हातात तशीच होती. "चलो, आम्हाला पण दाखवा. हे केव्हाचे इकडे बोट करून राहिले, पोराची गाडी पाहायची म्हणून." आम्ही डोळे पुसेपर्यंत तिने खुर्ची पडद्यापुढे लावली, आणि मी थांबवायच्या आत बटण दाबलं. तिला तेवढं येतं.

गाडी सुटली. आई "बाप रे, किती जोरात!" म्हणत होती. बाबांनी वेगाकडे पाहिलं नाही. ते कधीच पाहत नसत. त्यांची मान उडत होती, पण नजर वेदांगच्या हातमोज्यांवर टिकून होती, मग खालच्या रेघेवर, मग पुन्हा हातमोज्यांवर.

"थां... थांबव," ते म्हणाले.

"बाबा, व्हिडिओ आहे हा," वेदांग म्हणाला.

"थांबव."

मी थांबवला. बाबांनी मोठ्या कष्टाने मान वेदांगकडे वळवली. तोंडातून दूध ओघळलं, ते पुसायचंही आईला सुचलं नाही, कारण त्यांचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता.

"कधी... पासून?"

"काय कधीपासून?" आईने विचारलं. "अहो, काय विचारून राहिले तुम्ही?"

"या वर्षापासून, बाबा," वेदांग म्हणाला.

बाबांच्या घशातून आवाज निघाला. तो रडण्याचा होता, पण त्यांचं शरीर त्यांना नीट रडूही देत नाही. आई आमच्याकडे बघत राहिली. तिला कोणी काही समजावून सांगितलं नाही, आणि तरी तिला समजत गेलं, ते मला दिसत होतं. वाटी तिने टेबलावर ठेवली. तिने बाबांच्या उडणाऱ्या हातांकडे पाहिलं, मग वेदांगच्या हातांकडे. मग ती माझ्याकडे वळली, आणि मी माझे दोन्ही हात ओढणीखाली घेतले.