तिसरं पुष्प

विद्यापीठाच्या लोकव्याख्यानमालेचं तिसरं पुष्प मुरुडच्या कोळीवाड्यात गुंफायचं ठरलं आणि नीराबाईची छाती फुगली. विषय होता 'लिंगभाव, वंश आणि नागरिकत्व'. त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बोलणाऱ्या प्रणाली मॅडम दोन वर्षांपूर्वी तिच्याच ओटीवर बसून सुके बोंबील खाऊन गेल्या होत्या, एवढं तिला पुरे होतं. नवं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली. शेजारी मैत्रीण कोकिळा, तिच्या पलीकडे कोकिळेची विधवा सून जनी.

मॅडम गोड बोलल्या. काळ्या कातडीच्या माणसांना कुठेकुठे नागरिक मानलं नाही ते सांगून झालं. मग म्हणाल्या, "लांब कशाला जायचं? बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही, असा इथलाच नियम. पण तुमच्यातल्याच एका ताईनं तो मोडला! खलाशी पळाला, म्हणून नवऱ्याचा सदरा घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती त्याच्यासोबत समुद्रावर गेली. टाळ्या!"

एकही टाळी पडली नाही. ती ताई म्हणजे खुद्द नीराबाई. हे तिनंच मॅडमना विश्वासानं सांगितलं होतं. नाव कुठे येणार नाही, असं मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं.

कोकिळा उभी राहिली. "कवा गेली व्हती ती?"

मॅडमनी खुशीत टिपणं चाळली. "तीन वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या दिवशी."

त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोकिळेचा मुलगा हर्षद होडीसकट बुडाला होता. बाई होडीत चढली म्हणून दर्यानं माणूस घेतला, हे त्या सभेत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कोन ती?"

"नाव सांगता येत नाही, मावशी. संशोधनाचा नियम आहे."

कोकिळा एकेकीचं तोंड न्याहाळू लागली. तिची नजर आपल्यावर यायच्या आत नीराबाई ताडकन उठली.

"मी सांगतंय. तुझी जनीच ती! हर्षदच्या होडीत चढताना मी पायलंय."

"न्हाय गो आये!" जनी किंचाळली. मग मॅडमकडे वळून हात जोडले. "तुमाला ठावं हाय ना? सांगा, मी न्हाय ती!"

मॅडमनी नीराबाईकडे पाहिलं. ती हलकट बाई पापणीही न हलवता त्यांच्याकडे पाहत होती. 'ही नव्हे' एवढं म्हटलं असतं, तरी नियम मोडला नसता. पण मग कोकिळेनं पुढचीकडे बोट दाखवलं असतं, मग तिच्या पुढचीकडे. आणि रात्री मॅडमना अलिबागला पोचायचं होतं.

"गोपनीयतेमुळे मी यावर बोलू शकत नाही," त्या कागद सारखे करत म्हणाल्या. "पुढचा प्रश्न?"

सभेनं तो होकारच धरला. कोकिळेनं जनीचे केस धरले आणि तिला दाराकडे फरफटत नेलं. "माझ्या घरात पाय ठेवायचा न्हाय, रांडे!" बाया मागोमाग धावल्या, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठ्यानं शिव्या देत होती ती नीराबाई.