दीपक सरांचा शब्द

कॉलेज रोडवरच्या त्या कपड्यांच्या दुकानात सुवर्णा सुपरवायझर होती. दसऱ्याच्या सुमारास नवा माल यायचा बंद झाला, तशी दुकानातल्या पोरींमध्ये कुजबुज सुरू झाली. मॅनेजर दीपक सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"दुकान बंद होणार नाही. रिनोव्हेशन आहे फक्त. तुमचं ऐकतात सगळ्या, कुणाला सोडून जाऊ देऊ नका."

सुवर्णाने तसं सगळ्यांना सांगितलं. एकलहऱ्याहून येणाऱ्या उज्वलाला मेन रोडच्या साडीच्या दुकानात नोकरी मिळत होती.

"जाऊ का, ताई?"

"कशाला जातेस? सरांनी शब्द दिलाय मला."

उज्वलाने तिकडे नाही म्हणून कळवलं.

दिवाळीचा सेल आटोपला आणि एका सकाळी कपड्यांचे पुतळे न्यायला टेम्पो आला. कंपनीच्या पुण्याच्या दुकानात चालले होते ते. ड्रायव्हर दोरी आवळत सहज म्हणाला, "तुमच्या साहेबांचं घरसामानही मीच पोचवलं पुण्याला. गणपतीच्या आधीच. वहिनी, पोरं तेव्हापासून तिकडंच आहेत."



दुपारी सरांनी सगळ्यांना जमवलं आणि दुकान बंद होतंय म्हणून सांगितलं. मग हळूच तिला म्हणाले, "तुम्ही बोला दोन शब्द. धीर येईल त्यांना."

ती उभी राहिली. "सरांचं पुण्याचं गणपतीआधीच ठरलं होतं. दसऱ्याला मला म्हणाले, दुकान चालू राहील. तेच मी तुम्हाला सांगितलं."

"मला बोलायची वरून परवानगी नव्हती," सर म्हणाले.

"मग गप्प बसायचं होतं, सर. माझ्या तोंडून खोटं का वदवलंत?"



बसस्टॉपवर उज्वला एकटीच उभी होती. सुवर्णा म्हणाली, "त्या साडीच्या दुकानात मी येते तुझ्याबरोबर."

"फोन केला मघाशी. जागा भरली त्यांची." मग ती म्हणाली, "सरांच्या बोलण्यावर मी थांबले नव्हते, ताई. तुमच्या बोलण्यावर थांबले."

बस आली. उज्वला मागे न बघता चढली.

त्यानंतर सुवर्णा काम शोधत रोज दुकानं पालथी घालत होती. शालिमार चौकातल्या एका दुकानात एकच जागा निघाली. तिने उज्वलाचं नाव आणि नंबर दिला. उज्वला तिथे कामाला लागल्याचं तिला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. उज्वलाचा फोन काही आला नाही.