चौथा कोपरा

सिस्टरने काळी पट्टी डोळ्यांवर बांधली आणि मागे गाठ मारली. सगळी नोकरी वॉर्डात गेलेल्या बाईची गाठ ती, सहजी थोडीच सुटणार!

"मावशी, दिसत नाही ना काही?" कॅप्टनने विचारलं.

"काही नाही रे बाबा."

"मग हा तुमचा कोपरा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

नेतृत्व आणि गटबांधणीचा तास होता. पदव्युत्तर वर्गातल्या सगळ्यांनी डोळे बांधायचे आणि एका लांब दोरीचा चौकोन करायचा. "मी मीटिंगहून येईपर्यंत मोडू देऊ नका," असं बजावून सर निघून गेले होते. कॅप्टन काही खरा कॅप्टन नव्हे. एका कंपनीत विक्री बघायचा, पण आवाज असा खणखणीत की सगळे आपसूक ऐकायचे. सिस्टर वयाने सर्वांत मोठी. पहिल्याच दिवशी कोणीतरी मावशी म्हणालं आणि ती वर्गाची मावशी झाली. मान भरपूर. दार उघडून धरतील, पिशवी उचलतील. चहाला मात्र कोणी बोलवायचं नाही. मावशीसमोर मोकळेपणाने खिदळायचं कसं?

त्यात आज प्रकल्पाचे गट ठरायचे होते. गट नाही तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर पदवी नाही. तिला अजून कोणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन विचारायला तोंड उघडत नव्हतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने पोरांच्या मागे मागे काय फिरायचं?

"डावीकडे घ्या!"

"कोणाच्या डावीकडे?"

"अरे, आधी माझ्या पायावरून उतर!"

सिस्टरला खुदकन हसू आलं. किती दिवसांनी! दोरी दोन्ही बाजूंनी ताणली गेली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, थोडी कुजबुज, आणि सगळं शांत झालं. गप्प राहणं हाही खेळाचाच भाग असेल, असं तिला वाटलं.

तिला बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं. घरी बोलायला कोणी नव्हतं, लेक लांब. इथे निदान दोरीच्या पलीकडे कोणीतरी आपल्या भरवशावर उभं आहे. डोळे झाकलेले असले की माणसाला थोडा धीर येतो.

"ऐका ना," ती म्हणाली. "तुमच्या कोणाच्या गटात जागा असेल तर मला घ्याल का? कॉम्प्युटरचं मला फारसं जमत नाही, पण बाकी पडेल ते करीन."

कोणी बोललं नाही.

"नसेल तर राहू द्या हो. मी आपलं सहज विचारलं."

तरीही कोणी बोललं नाही. गाठ सुटेना, म्हणून तिने पट्टी कपाळावर सरकवली.

वर्ग रिकामा होता. चौकोन मात्र झकास झाला होता. तीन कोपरे तीन खुर्च्यांना बांधलेले. चौथी खुर्ची लागलीच नव्हती.

तिला राग आला. मग रागापेक्षा लाज जास्त वाटली, की आपण खुर्च्यांपुढे पदर पसरला. चुलीत गेली ती पदवी! तिने दोरी टाकली, पर्स उचलली. तेवढ्यात व्हरांड्यातून हसण्याचा आवाज जवळ येऊ लागला. सिस्टरने पर्स खाली ठेवली, आपल्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली, पट्टी डोळ्यांवर ओढली आणि दोरी धरली.

पावलं दारात थबकली.

"अगं बाई, मावशी!" एक मुलगी हळूच म्हणाली.

"शू!"

गाठी सुटल्या. दोरी सैल पडली आणि पुन्हा ताणली गेली. आता ती थोडी थरथरत होती.

"हां, झालं मावशी," शेजारच्या कोपऱ्यातून कॅप्टन म्हणाला. "काढा पट्टी."

"इतक्यात झालं?"

"हो ना. एकदम टीमवर्क!"

तिने पट्टी कपाळावर सरकवली. सगळे जागच्या जागी उभे होते. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

"मावशी, गटाचं ठरलं का तुमचं?" कॅप्टनने घाईघाईने विचारलं. "नसेल तर आमच्यात या. जागा आहे."

"येईन की," ती म्हणाली. मग त्याच्याकडे नीट बघून तिने आवाज खाली आणला. "शर्टावर बिस्किटाचा चुरा सांडलाय. सर येतील, झटकून टाक."

कॅप्टनने खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा हात शर्टाकडे गेला आणि त्या बाजूची दोरी सैल पडली. सिस्टरने आपला कोपरा सोडला नाही. सर अजून यायचे होते.