आधी पाणी की आधी माती

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन दोन महिने होत आले आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, हीच पंचाईत होती.

मी फोन उचलायला टाळाटाळ करतो हे तिला माहीत आहे. पण कागद हातात पडला की वाचल्याशिवाय मला राहवत नाही, हेही माहीत आहे. शिवाय विमा कंपनीला सगळं लेखी आणि सहीनिशी हवं होतं. तिने लिहिलं होतं, ‘दादा, त्या दुपारी तू खिडकीत बसलेला असशील. आमच्या दुकानात आधी पाणी शिरलं की आधी माती आली, हे तू पाहिलंस का? पाहिलं असलंस तर चार ओळी लिहून पाठव. पाहिलं नसलंस तर माझ्यासाठी उगाच काही लिहू नकोस.’

बहीण आणि तिचा नवरा आमच्या गल्लीत लाँड्री चालवायचे. वर घाटात हॉटेलं आहेत, त्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल त्यांच्याकडे धुवायला येत. दुकानापुढे गल्ली, गल्लीच्या कडेने ओढा, आणि दुकानाची मागची भिंत डोंगराच्या उताराला जवळजवळ टेकलेली. मी समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खिडकीतून मला त्यांचं शटर, पायरी आणि आतल्या पहिल्या मशीनचं गोल काचेचं दार दिसायचं.

मशिनांसाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेने पुराचा विमा घ्यायला लावला, कारण नकाशात आमची गल्ली पूररेषेच्या आत आहे. हप्ता भरायची वेळ आली की मेहुणे कुरकुरत. ‘दादा, हा ओढा आहे की गळका नळ? उन्हाळ्यात ह्याच्यात चमचा बुडत नाही.’ पॉलिसीचं बाड मात्र मलाच वाचायला दिलं होतं, कारण घरात जाड कागद वाचणारा मीच. पुराच्या पाण्याने नुकसान झालं तर भरपाई मिळणार होती. उतारावरची माती घसरून झालं तर मिळणार नव्हती. सपाटीवर राहणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडे मात्र पाणी कधी एकटं येत नाही, दगडमाती आणि मोडकी झाडं बरोबर घेऊन येतं. वाचताना हे माझ्या मनात आलं होतं. पण आपल्याला कायद्यातलं काय कळतं, असं म्हणून मी गप्प बसलो. मी बहुतेक वेळा असाच गप्प बसतो.

त्या दिवशी सकाळपासून वर डोंगरात पाऊस कोसळत होता. गल्लीतली माणसं कामाला गेलेली. बहीण आणि मेहुणे हॉटेलात चादरी पोचवायला टेंपो घेऊन गेलेले, शटर अर्धं ओढून ठेवलेलं. मी वाचत होतो. मान वर केली तेव्हा ओढा गल्लीत आला होता. गढूळ पाणी पायरी चढून शटरखालून आत शिरत होतं. नळाखालचा निळा टब तरंगत बाहेर आला, दारातच स्वतःभोवती फिरला आणि गल्लीतून खाली निघून गेला.

मी फोन हातात घेतला. बहिणीचा नंबरही काढला. मग फोन पुन्हा टेबलावर ठेवला.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी ओढ्याचा आवाज ऐकून मी घाबरलो आणि घरोघरी दारं वाजवून सगळ्या गल्लीला वरच्या शाळेत नेऊन बसवलं. म्हाताऱ्यांना हाताला धरून, तान्ह्यांना कडेवर घेऊन माणसं चढली. ओढ्याने काठसुद्धा सोडला नाही. तेव्हापासून गल्लीत माझं नाव ‘हवामान खातं’. मी छत्री घेऊन निघालो की कोणीतरी विचारायचंच, ‘काय हवामान खातं, आज सामान बांधायचं का?’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला मात्र त्यानंतर महिनाभर वाण्याच्या दुकानात जाऊन ब्रेड मागायलाही संकोच वाटायचा.

तेव्हा त्या दुपारी मी मनाशी म्हटलं, ओसरेल. आणि पुढचं पान वाचलं. खरोखरच वाचलं. मग त्याच्या पुढचं. बऱ्याच वेळाने मागचा उतार खाली आला, भिंत आत पडली आणि खिडकीतून दिसणारं ते गोल काचेचं दार चिखलाखाली गेलं.

मी फोन केला असता तर ते पाऊण रस्त्यातून परतले असते. मोठी मशिनं हलली नसती, पण इस्त्र्या, मोटारी, हॉटेलांचे गठ्ठे टेंपोत चढले असते. कधी वाटतं, ते आत सामान काढत असताना भिंत पडली असती तर? हा विचार मला आधार देतो, म्हणूनच माझा त्यावर विश्वास नाही. फोन ठेवताना तो माझ्या मनात आलाच नव्हता.

कंपनीचा सर्वेअर आला, पडलेली भिंत पाहिली आणि ‘माती’ असं लिहून गेला. क्लेम नाकारला गेला. आधी पाणी आत आलं होतं असं कोणी पाहिलेलं असेल, तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येणार होतं. बहीण-मेहुणे तोवर खालच्या शहरात तिच्या सासरी राहायला गेले होते. तिचं पत्र आलं ते तिथूनच.

पत्रानंतर आठवड्याभरात मेहुणे चिखल उपसायला आले. दुपारी माझ्याकडे चहाला बसले, पायांवर वाळलेला चिखल तसाच. सर्वेअरने समोर कोण राहतं ते विचारलं होतं, ते त्यांनी सांगितलं.

‘मी म्हटलं, आमचे दादा राहतात. पण ते वाचायला बसले की खुर्चीसकट वाहून गेले तरी पानाची खूण चुकायची नाही. खरं ना, दादा?’

ते हसले. मी मान हलवली. त्या एका मान हलवण्यात मी खोटं बोललो. पत्राचं उत्तर आता द्यायलाच नको, अशी सोयही झाली, आणि मी ती मुकाट्याने घेतली.

मागच्या आठवड्यात ते पुन्हा आले, मशिनं भंगारात काढायला. बहीण आता दुसऱ्याच्या लाँड्रीत इस्त्रीला उभी राहते, संध्याकाळी पाय सुजतात, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. मी धीर करून अपिलाचं विचारलं.

‘नाही करत,’ ते म्हणाले. ‘तीच नको म्हणाली.’

‘का?’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘म्हणाली, दादा समोर होता. पाणी आधी आलं असतं तर त्याने पाहिलं असतं, आणि पाहिलं असतं तर त्याने मला हाक मारलीच असती. दुनिया हसली तरी मारली असती. त्याने हाक मारली नाही, म्हणजे आधी मातीच आली. आपलंच चुकतंय.’ मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘मीही मग जास्त ताणलं नाही.’

ते गेल्यावर मी खुर्चीतून उठलो नाही. तिने रागाने काही म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. माझ्या शहाणपणावर विश्वास ठेवून तिने आपला हक्क सोडून दिला होता, आणि ते शहाणपण त्या दुपारी माझ्या खिडकीत नव्हतंच.

लिहायला बसलो तर पहिल्या कागदावर फक्त पाण्याबद्दल लिहिलं. पायरी, शटर, टब. कंपनीला तेवढं पुरलं असतं. वाचून पाहिलं, आणि वाटलं की हे वाचून बहीण एकच प्रश्न विचारेल. तो तिला विचारायला लावणं म्हणजे पुन्हा गप्प बसणं. कंपनीचा कागद सही करून वेगळा ठेवला आणि दुसरा फक्त तिला लिहिला.

‘पाणी आधी आलं. मी पाहिलं. माती नंतर आली, बऱ्याच वेळाने. फोन माझ्या हातात होता. लोक हसतील म्हणून मी तुला हाक मारली नाही. तुझं काही चुकत नाहीये. अपील कर. तिथे मला तोंडी विचारायला बोलावलं तर मी येईन, आणि हे सगळं सगळ्यांसमोर सांगेन. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.’

दोन्ही कागद एकाच पाकिटात घातले. पोस्टात महिनाअखेरची गर्दी होती. खिडकीवरच्या बाईंनी साधं की रजिस्टर विचारलं. मी रजिस्टर म्हटलं आणि पाकीट धरूनच उभा राहिलो.

‘काका, सोडा ना,’ त्या म्हणाल्या.

मी सोडलं. त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.