पूर्वेचा बुरूज

धामणवाडीच्या गढीचा पूर्वेचा बुरूज तोफांनीच पडला, यावर निवृत्त गुरुजी माधवरावांचा इतका विश्वास होता, की तोफा कोणाच्या हे शोधायचं त्यांनी अकरा वर्षं पुढं ढकललं. बाकी इतिहास दोनशे पानं लिहून तयार होता. पुरातत्त्व खात्याकडून पाहणीला येणाऱ्या उत्तरा मॅडमनी मान डोलावली, की गढीपुढं फलक लागणार आणि त्यावर इतिहासकार म्हणून माधवरावांचं नाव येणार.

त्यापायी त्यांनी गावाचा रोष पत्करला होता. पावसाळ्याआधी गढीची पांढरी माती पाट्या भरभरून न्यायची आणि गळू नये म्हणून माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, पसरायची, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गुरुजींनी ग्रामसभेत ठराव करून ती बंद पाडली: गढीची माती जिथं असेल तिथून कुणी हलवू नये. गेल्या वैशाखात तर त्यांनी सख्ख्या आत्याची, चतुराबाईंची, पाटी भर रस्त्यात उपडी केली. म्हातारी गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

मॅडम आल्या, ढासळलेल्या बुरुजाभोवती फिरल्या. "गुरुजी, तोफांनी पडला असता तर खाली ढीग नको का? इथली माती गेली कुठं?"

गुरुजी आपली दोनशे पानं चाळू लागले.

"मी सांगते की," काठी टेकत चतुराबाई पुढं झाल्या. "कशाच्या तोफा अन्‌ कशाचं काय! बुरूज ह्याच्या बापानं खणून नेला. हा लहानपणापासनं परगावी शिकायला, ह्याला काय ठावं? ह्याचं लगीन ठरलं, अन्‌ घर लय गळायलं होतं. साठ गाड्या माती वाहिली माझ्या भावानं. पाठ कायमची गेली त्याची, पण हेमा सून म्हणून आली तवा घरात थेंब पडला न्हाई."

वडिलांची वाकलेली पाठ माधवरावांनी लग्नापासून रोज पाहिली होती. ती कशानं वाकली, हे एवढ्या मोठ्या इतिहासकारानं कधी विचारलं नव्हतं.

मॅडम मात्र हरखल्या. "म्हणजे बुरूज तुमच्या घरावर शाबूत आहे!" शिडी लावून त्या वर चढल्या आणि टेपनं माळवद मोजू लागल्या.

खाली अंगणात सिमेंटची पोती रचलेली होती. हेमाताईंनी बारा वर्षं मागितलेला स्लॅब, माळवद उतरवून, सोमवारी टाकायचा होता.

"माधवा," चतुराबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुझा ठराव काय हाय? माती जिथं असंल तिथून हलवायची न्हाई न्हवं?"

गुरुजींनी वळून पाहिलं. हेमाताई पोत्यावर हात ठेवून, त्यांच्यावर नजर रोखून उभ्या होत्या. तोफ कोणाची, हे अकरा वर्षांनी त्यांना कळलं.